शेवटची पानं

१

दुपारी जेवणं आटोपली की मी भाजी निवडायला बसते, आणि गेल्या वर्षापर्यंत त्या वेळी आमच्या घरी रोज एक खून व्हायचा.

खून जपानातला. मारणारा जपानी, मरणारा जपानी, आणि सांगणारे माझे दीर, दुर्गेशभाऊजी. भाऊजी विमा कंपनीत लोकांचे दावे तपासायचे. जन्मभर दुसऱ्याच्या रडण्यात खोट शोधायची नोकरी. मुदतीआधी निवृत्त होऊन घरी बसले होते, लग्न केलं नव्हतं, आणि मानेवाड्याच्या आमच्या फ्लॅटमधली मागची खोली त्यांची होती. खोलीत भिंतभर जुन्या जपानी खूनकथा, इंग्रजीत आलेल्या. एक वाचून झाली की ती मला ऐकवायची, हा त्यांचा नेम. मी माझे नेम करते, ते त्यांचा करत. सुरुवात करण्याआधी दोनदा खोकत, कीर्तनाला उभं राहिल्यासारखे.

गोष्ट साधारण एकच असायची. डोंगरात नाहीतर बेटावर एक मोठं घर. घरात पैसेवाला म्हातारा आणि एकमेकांचं तोंड न बघणारी त्याची पोरं. बर्फ पडतो. सकाळी म्हातारा आतून बंद खोलीत मेलेला सापडतो आणि बाहेरच्या बर्फावर एकही पाऊल उमटलेलं नसतं. पुस्तकाच्या सुरुवातीलाच घराचा नकाशा छापलेला: हे दार, ही खिडकी, इथे प्रेत. मग सगळे पुस्तकभर चहा पितात, आणि शेवटी एक शहाणा सगळ्यांना समोर बसवून खून कसा झाला ते शिकवणीच्या मास्तरसारखा सांगतो.

मला या पुस्तकांची कीव यायची. एक म्हातारा मारायला घर बांधा, बर्फाची वाट बघा, दोऱ्या ओढा. आमच्या सावनेरकडे शेताच्या बांधावर, धुऱ्याच्या भांडणात कुऱ्हाड पुरते, नकाशा कोणी काढत नाही.

"वहिनी, तुमच्या ध्यानातच नाही येऊन राहिलं," भाऊजी म्हणायचे. "यात लबाडी नसते. सगळे पुरावे वाचणाऱ्यापुढे मांडून ठेवले असतात. शेवटच्या पानांच्या आत तुम्हाले ते ओळखता आलं पाहिजे. तुमच्या कहाण्यांसारखं नाही. बाईनं वसा टाकला, वाटोळं झालं. वसा घेतला, राज्य मिळालं. काहून? तर देवाची मर्जी."

"आमच्या कहाणीत मेलेला परत येतो, भाऊजी. तुमच्यात येतो का?"

यावर ते नाकातून हसत आणि चष्मा वर सारत. चष्म्याची डावी काडी तुटलेली होती. त्यांना नवीन घ्यायचा नव्हता म्हणून मी तिला पूजेचा लाल दोरा गुंडाळून दिला होता. "देवाचा दोरा लागला, आता खुनी लवकर सापडन," असं म्हणून त्यांनी तो लावून घेतला होता.

एकदा मी मेथी निवडत होते आणि ते म्हणाले, "वहिनी, बंद खोलीचं सगळं गुपित एका प्रश्नात आहे. आत कोण गेलं, हे विचारायचंच नाही. बाहेर कोण आलं नाही, ते विचारायचं."

मी काड्या वेगळ्या केल्या, पानं वेगळी केली. म्हटलं, बरं.

२

महालक्ष्म्या आमच्या सासूबाईंच्या. पितळेचे दोन मुखवटे, ज्येष्ठा आणि कनिष्ठा, आणि त्यांची दोन बाळं. भाद्रपदात तीन दिवस त्या बसतात, आणि बसतात मागच्या खोलीत, कारण ती आधी सासूबाईंची खोली होती. ते तीन दिवस भाऊजी हॉलमधल्या दिवाणावर झोपत आणि कंबर दुखते म्हणून घराला ऐकवत.

मला मूल झालं नाही. त्या दोन बाळांना मी दर वर्षी नवी झबली शिवते. एवढंच सांगते, बाकी सांगण्यासारखं नाही.

दुसऱ्या दिवशी पुरणावरणाचा नैवेद्य असतो. सोळा भाज्या, कढी, वडे, आणि ज्वारीची आंबील. नैवेद्य दाखवला की समई तेवढी ठेवून सगळ्यांनी बाहेर यायचं आणि दाराला कडी घालायची. देवी जेवत असताना माणसाने बघायचं नाही. त्यांचं झालं असं मनाने सांगितलं की बांगड्या वाजवायच्या आणि मगच दार उघडायचं. मग आंबिलीवर बघायचं. देवी जेवून तृप्त झाली असेल तर आंबिलीच्या सायीवर बोटं उमटलेली दिसतात. सासूबाई होत्या तोवर दर वर्षी उमटायची. त्या गेल्या आणि बंद झालं.

"आईच बोटं लावत होती," भाऊजी म्हणायचे. "मी लहान असताना माह्या डोळ्यानं पाहिलं."

गेल्या वर्षी पोळा झाला आणि आमच्या यांनी, गोपाळरावांनी, चहा घेता घेता सांगून टाकलं. "रुख्मिणी, यंदाच्या शेवटच्या. माहे गुडघे चालत नाही, तुले शुगर. सोळा भाज्या कोण चिरन? मुखवटे एखाद्या मंदिरात देऊन टाकू."

"बाळंही?" मी विचारलं.

"आता बाळं काय ठेवून घेशील वं? सगळंच."

हे काही कठोर माणूस नाहीत. पण भाऊजी रोज संध्याकाळी थोडं थोडं त्यांच्या कानात घालत होते, हे मला कळत होतं. माझ्या हातातला चहा निवला. मी म्हटलं, "आणि यंदा बोटं उमटली तर?"

यांनी कप खाली ठेवला. भाऊजींनी मात्र पुस्तक मिटलं. त्यांचे डोळे एवढे चमकलेले मी कधी पाहिले नव्हते.

"उमटली तर राहतीन," ते म्हणाले. "पण खोली बंद होईन ती माह्या नियमानं. मंजूर, दादा?"

"मंजूर," हे म्हणाले, आणि माझ्या महालक्ष्म्यांचा निकाल एका वाटी आंबिलीवर ठरला.

३

भाऊजींनी आधी नकाशा काढला. जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे, पट्टी लावून. हे दार, ही खिडकी, हा पलंग, हे पुस्तकांचं कपाट, इथे महालक्ष्म्या. जिथे पुस्तकात प्रेत दाखवतात तिथे त्यांनी नैवेद्याच्या ताटाची खूण केली आणि स्वतःवरच खूश झाले.

मग तपासणी. खिडकीचे गज हलवून पाहिले. पलंग भिंतीपासून ओढला. कपाटावर मी सोवळ्याची चादर टाकली होती, ती उचलून पुस्तकांच्या मागे हात घातला. महालक्ष्म्यांच्या साड्यांच्या निऱ्यांखालीही वाकून बघायला निघाले, तेव्हा मी हात धरला.

"भाऊजी, बायांच्या अंगावर हात घालू नका."

"बाया? वहिनी, खाली लोखंडाचा स्टँड आहे. मीच भंगारातून आणला."

शेजारच्या प्रेमिलाताई सवाष्ण म्हणून जेवायला यायच्या होत्या. त्या फुलोऱ्याच्या करंज्या तळायला मदत करत होत्या. स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "दुर्गेशभाऊ, एवढी तपासणी लग्नाच्या वेळी केली असती तर आज घरी बायको असती."

"तपासणी केली म्हणूनच नाही केलं लग्न," भाऊजी म्हणाले, आणि दोघंही हसले.

त्यांची सगळ्यात आवडती गोष्ट तांदळाची पिठी. जपानी बर्फाऐवजी. सगळे बाहेर आले की भाऊजींनी देवीपासून उलटं चालत दारापर्यंत पिठी पसरत यायचं, म्हणजे आतल्या जमिनीवर पाऊल टाकायला मोकळी जागाच उरणार नाही. एवढ्या मोठ्या माणसाचा तो पोरखेळ बघून मला हसू येत होतं, पण थोडं बरंही वाटत होतं. जन्मात पहिल्यांदा भाऊजी महालक्ष्म्यांसाठी काही करत होते. मनात म्हटलं, चेष्टेने का होईना, आई, हा तुझ्या दारात आला. त्याला पदरात घे.

मी नेमकं हेच म्हटलं होतं. पदरात घे.

४

दुपारची आरती झाली. ताट वाढून झालं. ज्येष्ठेसमोर आंबिलीची वाटी ठेवली. तिच्यावर दाट साय धरली होती, एकही डाग नाही. भाऊजींनी ती यांना दाखवली, प्रेमिलाताईंना दाखवली. मग आम्ही तिघं बाहेर आलो आणि पॅसेजमध्ये भिंतीला टेकून उभे राहिलो.

दाराला पडदा आहे, साधा फुलाफुलांचा. तो बाजूला धरलेला होता. भाऊजी पाठमोरे मागे येत होते, वाकून, परडीतली पिठी पसरत. त्यांच्या गुणगुणण्याचा आवाज येत होता. उंबऱ्याशी आले तसा पडदा सुटला आणि त्यांच्या अंगावरून खाली पडला. क्षणभर पडद्यावर नुसता त्यांच्या पाठीचा आकार दिसला. गुणगुणणं थांबलं.

मग पडदा सरला आणि भाऊजी बाहेर आले. दार ओढलं, कडी घातली, कडीवर दोरा गुंडाळून गाठ मारली आणि गाठीवर मेणबत्तीचं मेण ओतलं. सगळं ठरल्याप्रमाणे.

ते माझ्याकडे वळले. चष्म्याचा लाल दोरा उजव्या काडीवर होता.

मी म्हटलं, असं कसं. मग म्हटलं, समोरच्या माणसाचं डावं-उजवं आपण नेहमीच चुकतो. सकाळपासून पोटात पाण्याशिवाय काही नव्हतं. माणसाला उपासात काहीही दिसतं.

५

आम्ही चौघं पॅसेजमध्ये उभे होतो. घरात काही आवाज नव्हता. आतून फुलोरा हलल्यासारखा वाटला. महालक्ष्म्यांच्या डोक्यावर दोऱ्यांनी टांगलेल्या करंज्या आणि पुऱ्या वाऱ्याने एकमेकींवर आपटतात, कोरड्या. पण खिडकी बंद होती.

"पंखा चालू ठेवला का गा?" यांनी भाऊजींना विचारलं.

"नाही," भाऊजी म्हणाले.

मग वाटी सरकल्याचा आवाज आला. पितळ फरशीवर घासलं की येतो तसा, बारीक. प्रेमिलाताईंनी माझा दंड धरला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, कारण भीतीच्या आधी मला आनंद झाला. सासूबाई गेल्यापासून इतक्या वर्षांत माझ्या नैवेद्याला कोणी हात लावला नव्हता.

आणि मग आत कोणीतरी खोकलं. दोनदा. घसा साफ करायला खोकतात तसं.

आम्ही तिघांनी भाऊजींकडे बघितलं. ते माझ्या शेजारीच उभे होते, हात जोडून. त्यांचे ओठ मिटलेले होते.

"तू खोकलास का गा?" यांनी विचारलं.

"नाही, दादा."

"मंग कोण?"

ज्या माणसाने अशा वेळी दोरीपासून बर्फापर्यंत दहा युक्त्या सांगितल्या असत्या, तो नुसता दाराकडे बघत राहिला. शांत, जरासा कंटाळलेला. दुकानदार आपल्याकडच्या जुन्या मालाकडे बघतो तसा.

६

दारावर आतून थाप पडली.

जोराची नाही. आपलंच घर आहे, चुकून कडी लागली आहे, एवढ्या हक्काची. नंतर दुसरी. मग "वहिनी" असं कोणी म्हणाल्यासारखं मला वाटलं. प्रेमिलाताईंनी नंतर शपथेवर सांगितलं की त्यांनी तसं काही ऐकलं नाही. त्यांनी त्याच वेळी मोठ्याने रामाचं नाव घ्यायला सुरुवात केली होती, म्हणून असेल.

"रुख्मिणी, उघड दार," हे म्हणाले. "कोणी अडकलं असन आत. उघड."

मी कडीकडे हात नेला. मेण अजून पुरतं वाळलं नव्हतं. तेवढ्यात भाऊजी माझ्या कानाशी म्हणाले, "वहिनी, नैवेद्य आटोपू द्या. मध्येच उघडू नये."

त्यांच्या आवाजातला नेहमीचा ठसका गेला होता. इतक्या गोड आवाजात ते माझ्याशी कधी बोलले नव्हते. आणि बोलले ते अगदी बरोबर होतं. माझ्या सासूबाईंनी हेच सांगितलं असतं.

मी हात मागे घेतला.

आत थापा पडत राहिल्या. आधी भरभर, मग थांबून थांबून. नखांचा आवाज झाला, खालच्या बाजूला, फळीजवळ. मी डोळे मिटून महालक्ष्म्यांची कहाणी म्हणू लागले, पहिल्यापासून, एकही ओळ न गाळता. कहाणी संपली तेव्हा आत सगळं शांत झालं होतं.

मग मी बांगड्या वाजवल्या. नेमाप्रमाणे.

७

गाठ जशीच्या तशी होती. दार उघडलं. समई तेवत होती. जमिनीवरची पिठी उंबऱ्यापासून ताटापर्यंत पांढरीशुभ्र, तिच्यावर एकही पाऊल नाही. दाराच्या आतल्या बाजूलाही नाही, जिथे उभं राहून कोणी थापा मारल्या असत्या.

आम्ही पिठीवरूनच आत गेलो. आंबिलीवर बोटं उमटली होती.

पाचही. यांनी ती बघितली आणि हात जोडून लहान मुलासारखे रडायला लागले. "राहतीन," म्हणाले, "इथंच राहतीन. माफ कर माय." प्रेमिलाताईंनी वाटीला डोकं टेकवलं. त्या दोघांनी नीट बघितलं नाही. मी बघितलं. बोटं वरून खाली रुतलेली नव्हती. ती खालून वर आलेली होती. पातळ कापडाच्या पलीकडून कोणी हात लावावा, तशी.

कपाटावरच्या चादरीच्या घडीत काहीतरी चकाकलं. मी हात घातला. चष्मा होता. मिटलेला, नीट ठेवलेला. डाव्या काडीला लाल दोरा, माझ्या हातचा, माझी गाठ.

मी मागे वळून पाहिलं. भाऊजी उंबऱ्यावर उभे होते, आत पाय न ठेवता. चष्म्याच्या काचांतून माझ्याकडे बघत होते. मी हातातला चष्मा पदराखाली घेतला.

त्यांच्या पुस्तकांत या ठिकाणी सगळ्यांना बसवून उलगडा करतात. आम्ही पानं वाढली. जेवताना भाऊजींनी दुसऱ्यांदा पुरण मागून घेतलं आणि फार छान झालं आहे, असं म्हणाले.

८

विसर्जन झालं तरी भाऊजी खोलीत परत गेले नाहीत. "मला हॉल बरा आहे, वहिनी. ती खोली देवींचीच राहू द्या."

तेव्हापासून ते सकाळी मला फुलं आणून देतात. माझ्या सोमवारी स्वतःही खिचडी खातात. यांच्या गुडघ्याला तेल लावतात. "दुर्गेश बदलला," हे भेटेल त्याला सांगतात. "देवीनं केलं." प्रेमिलाताईंनी चार घरी सांगितलं आणि दोन बाया आमच्या घरचा आंबिलीचा प्रसाद मागायला आल्या. मी मागितलेलं सगळं मला मिळालं. खोटं कशाला बोलू.

मागच्या खोलीला बाहेरून कडी असते. मी रोज दुपारी बांगड्या वाजवून आत जाते आणि केर काढते. आत कोणी नाही. पलंगाखाली बघितलं, कपाटामागे बघितलं, खिडकीचे गज हलवून बघितले, भाऊजींनीच शिकवलं होतं तसं. एक दिवस दार लावून घेऊन "भाऊजी" अशी हाक मारली आणि ऐकत उभी राहिले. रस्त्यावरून कचऱ्याची गाडी गाणं वाजवत गेली. एवढंच.

चष्मा मी त्या खोलीतल्या पलंगावर, उशीशेजारी एका पुस्तकावर ठेवला होता. भाऊजींनी अर्धवट सोडलेलं पुस्तक, आत खुणेला उदबत्तीच्या पुड्याचा कागद. दुसऱ्या दिवशी कागद पुढच्या पानांत होता.

मी स्वतःला समजावलं की केर काढताना माझाच धक्का लागला असेल. मग मी केर काढलाच नाही, आणि कागद तरीही पुढे गेला. दुपारी भाजी निवडताना त्या दारामागून पान उलटल्याचा आवाज येतो. पुस्तक संपलं की दुसरं कपाटातून निघून उशीशी यायचं. उन्हाळा संपेपर्यंत कपाट संपलं. मग दारावर थापा सुरू झाल्या, अगदी हलक्या, आणि त्या मला सहन होईनात.

तेव्हा मला भाऊजींच्या पुस्तकांचा उपयोग कळला. आधी कळला नाही, कारण मी तुच्छतेने ऐकत होते. त्या प्रत्येक पुस्तकात, शेवटच्या पानांत, बंद खोलीतून बाहेर पडायची एक युक्ती असते. कपाटातल्या सगळ्या युक्त्या त्यांनी करून पाहिल्या असणार. आता नवीन लागतील.

९

सीताबर्डीला पुस्तकाच्या दुकानात मी विचारलं, जपानी खुनाची पुस्तकं आहेत का, जुनी, पुढे घराचा नकाशा असलेली. दुकानदाराने माझं कुंकू बघितलं, हातातली प्रसादाची पिशवी बघितली.

"काकू, तुम्हाले आवडतात का?"

"नाही," मी म्हटलं. "घरी लागतात."

पहिलं पुस्तक मी नैवेद्याच्या ताटलीसारखं दाराच्या आत सरकवलं. त्यानंतर थापा थांबल्या. दुसरं दिलं, तिसरं दिलं. मी अधूनमधून त्यांची पहिली पानं वाचते. इंग्रजी मला सावकाश येतं. नकाशे मात्र समजतात. आणि खरं सांगायचं तर ते नकाशे बघताना मन निवांत होतं. बाहेर कितीही काही होवो, सगळं त्या चार भिंतींच्या आतच घडणार आणि शेवटी कळणार. भाऊजींना काय आवडायचं ते मला आता समजतं. फक्त त्यांना सांगता येत नाही.

परवा दुपारी गेले तर बाहेरची कडी अर्धी सरकलेली होती.

मी ती पुन्हा पूर्ण लावली. हात लगेच गेला, विचार नंतर आला. महालक्ष्म्या जवळ आल्या आहेत. बाळांची झबली शिवून झाली आहेत, यंदा मोतिया रंगाची. भाऊजी बाहेर आले तर ते सगळ्यांत आधी पॅसेजमध्ये उभे राहून काय सांगतील, हे मला ठाऊक आहे. आंबिलीवरची बोटं कोणाची होती ते, नकाशासकट सांगतील. आणि मुखवटे घरातून जातील, बाळंही जातील.

आज दुपारी मी नवीन पुस्तक घेऊन आले. हॉलमध्ये भाऊजी दिवाणावर बसून माझ्यासाठी वाती वळत होते. त्यांनी पिशवीकडे बघितलं.

"कोणासाठी, वहिनी?"

"देवासाठी," मी म्हटलं.

ते हसले. नाकातून, आधीचे भाऊजी हसायचे तसे. वर्षभरात पहिल्यांदा. चष्मा वर सारला, उजव्या काडीच्या लाल दोऱ्याला बोट लावून.

"द्यावं," म्हणाले. "फक्त शेवटची पानं काढून देत जा. नाहीतर तो येईल बाहेर, आणि मग तुमच्या बाळांचं कसं होणार?" आणि पुन्हा वाती वळू लागले, अगदी मन लावून.

मी स्वयंपाकघरात आले. कात्री घेतली. शेवटची पानं फाडली नाहीत, नीट कापली, शिवणीजवळून, म्हणजे पुन्हा चिकटवता येतील. ती मुखवट्यांच्या पेटीत, झबल्यांच्या खाली ठेवली आहेत. वाया जाणार नाहीत. एवढ्या महालक्ष्म्या होऊ देत, मग मी स्वतःच्या हाताने ती त्यांना देणार आहे. नक्की देणार आहे.

पुस्तक दाराच्या आत सरकवलं आणि कडी लावली. मग मेथीची जुडी घेऊन पॅसेजमध्येच बसले, दाराला पाठ लावून.

आत दोनदा खोकल्याचा आवाज झाला. गोष्टीला सुरुवात करण्याआधी भाऊजी खोकायचे, तसा.